पनवेलच्या पत्रिकेवरची आखूड अक्षरं

पनवेलहून परत आल्यापासून माझ्या हातात लाल पेन धरवत नाही. अमरावतीतले ओळखीचे लोक हे ऐकून हसतात, कारण छत्तीस वर्षं मी दुसरं काही हातात धरलेलंच नाही. मी मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासणारी. नोकरी संपली तरी खोड गेली नाही. त्यात दोन वर्षांपूर्वी पनवेलच्या रियाझभाईंनी मला गाठलं. लग्नपत्रिका छापण्याचं त्यांचं लहानसं दुकान आहे. ते मोबाइलवर पत्रिकेच्या मजकुराचा फोटो पाठवतात, मी चुकांवर लाल गोल करून परत पाठवते. दोन वर्षांत शेकडो पत्रिका अशा गेल्या, पण आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

“ताई, एकदा या तरी,” ते दर महिन्याला म्हणायचे. जानेवारीत गेले. माझी एक वही आहे, तिच्यात मी उसने आणि आखूड शब्द टिपते. परभाषेतून आलेले, डोकं-शेपूट कापलेले, आणि गावोगावी वेगळे बोलले जाणारे. पनवेलात ती वही भरून निघेल असं वाटलं होतं. नको त्या गोष्टीने भरली.

पनवेल, गुरुवार

पहिला धक्का स्टेशनबाहेरच बसला. एका गल्लीत ‘लॅमिनेशन’ हा शब्द चार पाट्यांवर चार तऱ्हांनी लिहिलेला. लॅमीनेशन, लेमिनेशन, लामिनेशन, आणि एका बहाद्दराने तर लिहिलं होतं ‘लॅमी.’ आणि पुढे टिंब. मी भर रस्त्यात उभी राहून वहीत उतरवून घेत होते, तर मागचा रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, सर्व्हे आहे का? तोडणार का दुकानं?” मी नाही म्हटलं तरी पहिले दोन दुकानदार पाट्यांसमोर येऊन उभे राहिलेच.

रियाझभाईंचं दुकान जुन्या बाजारात. पन्नाशीचे, बारीक, चष्म्याला दोरी बांधलेले. मी आत पाऊल टाकलं तर ते खुर्चीवरून उठून उभेच. “या ताई, या. दोन वर्षं तुमच्या लाल गोलांना घाबरलो, आज तुम्हाला बघतोय.” टायपिंग करणाऱ्या मुलीने तर मला नमस्कार करून हात पाठीमागे लपवले. मला एकदम मास्तरीण झाल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही.

त्यांनी नमुन्यांच्या फायली पुढ्यात ठेवल्या. एकीत गणपती आणि ‘श्री’, दुसरीत माथ्यावर नुसता आकडा, ७८६. अख्खं ‘बिस्मिल्ला’ त्या तीन आकड्यांत बसवलेलं. एका पत्रिकेवर तर एकच पत्ता तीन लिपींत होता. मराठीत ‘स्टेशन रोड’. इंग्रजीत एस-टी-एन-टिंब, आर-डी-टिंब. उर्दूतला त्यांनी वाचून दाखवला, “इस्टेशन रोड”.

“सुरुवातीला इ कशाला?” मी विचारलं.

“जबान अडखळते ना ताई. स आणि ट एकदम नाही येत. आमच्यात तसंच.”

आमच्याकडे वऱ्हाडात खेड्यातला माणूस ‘ठेसन’ म्हणतो, म्हणजे तो स गाळून मोकळा होतो. इथे आधी एक अक्षर जोडतात. मी ते टिपलं. खारघरच्या टॉवरमधल्या पत्रिकांवर खाली ‘आर. एस. व्ही. पी.’, म्हणजे ‘येणार का ते कळवा’, असतं, ते पाहून खेड्यातल्या एका गिऱ्हाइकानेही हट्टाने छापून घेतलं, आणि मग त्याच्या आत्याने विचारलं की हा व्ही. पी. आपल्यातला कोण, ह्याचं नाव सगळ्यात खाली का. रियाझभाईंना ते सांगताना हसू आवरेना.

मग मी विचारलं की तुमच्यात वारलेल्या माणसाच्या नावापुढे काय लावतात. ते गंभीर झाले. “मर्हूम. पूर्ण लिहितो. ते आखूड नाही करत कुणी.” आपण ‘कै.’ लिहून टिंब देतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तेवढ्यापुरतंच.

माझ्या स्वतःच्या नावापुढे काय लावायचं हा लोकांना कायमचा प्रश्न. मी त्रेसष्टची, लग्न केलेलं नाही. कुणी सौ. लिहितं, कुणी श्रीमती, आणि कु. लिहिण्याचं धाडस आता फक्त बँक करते. जेवताना रियाझभाईंच्या बायकोला, सलमाला, हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग मी आपा म्हणते, विषय संपला.” तिने तांदळाची भाकरी आणि सोडे घातलेली वांगी वाढली होती. सुक्या कोळंबीचा तो वास पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. दुसऱ्या घासाला मी गप्प झाले आणि तिसरी भाकरी मागून घेतली.

उरणच्या वाटेवर, शुक्रवार

मला मिठागर पाहायचं होतं. सलमाचा भाऊ उरणला असतो, त्याने सकाळी गाडीवरून नेऊन एका मिठागराच्या बांधावर सोडलं आणि तिथल्या राखणदाराला हाक मारून सांगितलं, “जनार्दनदादा, पाहुणी हाय, संभाळ.” तो दुपारी न्यायला येणार होता.

समोर पाण्याचे चौकोनी वाफे, कडेला मिठाचे ढीग, आणि त्यापलीकडे उंच क्रेन आणि एकावर एक रचलेले कंटेनर. मी त्या क्रेनकडे बघत चालले आणि बांधावरून घसरले. उजवा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला. पाय निघाला, चप्पल राहिली. जनार्दन धावत आला, कोपरापर्यंत हात घालून शोधली, मिळाली नाही.

“ऱ्हावं दे बाय, ती आता मिठाची जाली,” म्हणाला आणि स्वतःच्या रबरी चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी नको नको म्हणत होते तोवर तो अनवाणी पुढे चालायलाही लागला.

साठीच्या आतला असावा. उन्हाने रापलेला, केस पांढरे, बोलणं संथ. मला मिठागराचे शब्द हवे होते, पण त्याच्या तोंडून वेगळेच बाहेर पडत होते. पंपाला ‘इंजान’. कंटेनर ठेवायच्या आवारांना ‘शीएफेस’. ह्याचं पूर्ण रूप काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, “आवो तोच पूर्न हाय. शीएफेस.” आणि स्वतःची ओळख करून देताना तो म्हणाला, “मी पीएपी हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे ज्याची जमीन गेली तो.”

त्याला इंग्रजी अक्षरं माहीत नव्हती, ती कुठल्या शब्दांची तेही नाही. पण गावातली चार वर्षांची पोरंही स्वतःला पीएपी म्हणतात, असं त्याने सांगितलं. आमच्याकडे माणूस जात सांगतो, गाव सांगतो. इथे सरकारी फायलीतली तीन अक्षरं लोकांनी आडनावासारखी लावून घेतलेली. मी वहीत लिहायचं विसरून ऐकत राहिले.

दुपारी त्याने माझ्यासाठी पोपटी लावली. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, दोन अंडी, मूठभर तिथलंच जाडं मीठ, पुन्हा पाला. मडकं पालथं घालून वरून जाळ. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. आमच्या हुरड्यासारखाच थाट, पण हुरड्याला दहा माणसांचा गलका लागतो, आणि इथे आम्ही दोघंच. “गावात व्हतो तवा चालीस मानसांची लावायचो,” तो म्हणाला.

त्याचं गाव पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे, द्रुतगती महामार्गापासून आत. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मी विचारलं, गाव का सोडलं. त्याने न लपवता सांगितलं. जमिनी घ्यायला सुरुवात झाली तेव्हा गावकीने ठरवलं होतं की भाव वाढवून मिळेपर्यंत कुणीही संमतीच्या कागदावर सही करायची नाही. ह्याने केली. पहिली सही ह्याची. नंतर एकेक करून सगळ्यांनी केल्या, पण फुटला तो हा.

“कशासाठी केलीत?” आईचं दुखणं, मुलीचं शिक्षण, असं काहीतरी ऐकायची मी तयारी ठेवली होती.

“टेंपो घ्यायचा व्हता,” तो म्हणाला. “जाम हौस व्हती.”

गावकीने वाळीत टाकलं. ह्याच्याशी जो बोलेल त्याच्या घरी कुणी जाणार नाही, मयतालासुद्धा. भावाने, बायकोने गावातच राहायचं तर ह्याने बाहेर पडायला हवं होतं. पडला. त्याला अकरा वर्षं झाली. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती.

“आता लगीन हाय माजे पोरीचा. प्राचीचा. म्होरल्या म्हयन्यात,” तो शेंग सोलत म्हणाला. “मना बोलवनार नाय, म्हाईत हाय. पन कारडावं नाव तं टाकलाच आसल. बापाचा नाव टाकावाच लागतं ना?”

मी उत्साहाने म्हटलं की त्या बाजूच्या पत्रिका बहुतेक रियाझभाईच छापतात, मी स्वतः तपासते, तुमच्यासाठी एक आणून देते. त्याने पूर्ण नाव सांगितलं, जनार्दन हिराजी घरत. मी वहीत लिहून घेतलं. तो हसला. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पनवेल, शनिवार

सकाळी दुकानात गेल्यागेल्या मी रियाझभाईंना गाव आणि मुलीचं नाव सांगितलं. त्यांनी फाइल चाळली आणि पत्रिका काढून दिली. जांभळा कागद, सोनेरी अक्षरं. मी वाचलं.

‘कै. जनार्दन हिराजी घरत व श्रीमती सुनंदा जनार्दन घरत यांची सुकन्या’.

पहिल्यांदा वाटलं, दुसरा कुणी जनार्दन असेल. गाव तेच, मुलगी तीच, आजोबांचं नाव तेच.  काल ज्या माणसाने मला अंडं सोलून दिलं, ज्याच्या चपला माझ्या पायात होत्या, तो सोनेरी अक्षरांत मेलेला होता.

“रियाझभाई, हा माणूस जिवंत आहे!” मी जवळजवळ ओरडलेच. “काल मी त्याच्या हातचं जेवले.”

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. “या अल्ला. ताई, गिऱ्हाइकाने कागद दिला तसं छापलं. आम्हाला काय ठाऊक?” आणि मग त्यांनी खणातून तो मूळ कागद शोधून काढला. मी तो कधीच पाहिला नव्हता; माझ्याकडे फक्त टाइप केलेला मजकूर यायचा. वहीचं रेघांचं पान. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात ‘कै जनार्दन’, टिंबाशिवाय. आणि पुढे ‘सुनंदा’च्या अलीकडे, वेगळ्या काळ्या शाईत, वेडंवाकडं एकच अक्षर घुसवलेलं.

सौ.

मी मोबाइल काढला. तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो सापडला. माझेच दोन लाल गोल. पहिल्याने मी ‘कै’पुढे टिंब दिलं होतं. दुसऱ्याने ‘सौ’ खोडून ‘श्रीमती’ केलं होतं, आणि शेजारी लिहिलं होतं, ‘पती कै. असताना सौ. चूक’. खाली हसरा चेहराही टाकला होता.

 छत्तीस वर्षं मी हेच केलं. एका ओळीत दोन गोष्टी जुळत नसल्या की एक बदलायची. ‘कै’च्या शेजारी ‘सौ’ कुणी आणि का लिहिलं, हे विचारायला माझ्याकडे फोन होता, विचारायची गरज वाटली नाही. ज्याने जिवंत माणसाला मारलं त्याला मी टिंब दिलं, आणि जिने त्याला जिवंत ठेवलं तिला मी विधवा केलं.

“तुमचा गोल आला की मी नाही विचारत, ताई,” रियाझभाई हळूच म्हणाले. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

पत्रिका आठवड्यापूर्वीच गावात गेल्या होत्या, बाराशे. मी म्हटलं, मला तिथे जायचंय. ते म्हणाले कशाला ताई, घरचं मॅटर आहे, पण गाडीची किल्ली घेतली.

नवं दुमजली घर, दारात मांडवाचे बांबू पडलेले. ओटीवर मुलीचा काका काशिनाथ मोबाइलवर बोलत बसला होता. रियाझभाईंनी पत्रिकेत चूक झाल्याचं सांगताच तो उठून उभा राहिला. “चूक? काय नाय चूक. जसा सांगला तसाच हाय. आमी त्याचे नावानं अंगोल केलेली हाय, सगल्या गावाला म्हाईत हाय.” नावाने आंघोळ करणं हे मी आजवर नुसतं बोलण्यात ऐकलं होतं. इथे त्यांनी ते सोनेरी अक्षरांत छापून बाराशे घरांत वाटलं होतं. मी तोंड उघडणार तोच आतून एक बाई आली आणि माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

सुनंदा. हातात हिरवा चुडा, मंगळसूत्र पोलक्यात खोचलेलं, फक्त काळ्या मण्यांची कडा दिसत होती.

“कै. दिरांनी लिवला,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “नायतर गावकी हलदीला आली नसती. पोरीचे लग्नाला कोन नाय आला तं कसा व्हईल? मी काय बोलली नाय. पन कागूद द्याया चालली पोरगी, तवा दारात मीच पेन मागला न् माजे नावाफुडं सौ. लिवला. तेवराच.” तिने बाहेरचा कानोसा घेतला. “कारडा आली तं श्रीमती. मना वाटला दिरांनीच फिरवला. आठ दिस जाले, मी त्यांचेशी बोलत नाय.”

मी म्हटलं, “ते त्यांनी नाही. मी बदललं.”

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. अमरावती, मोबाइल, लाल गोल, सगळं. तिने आवाज चढवला नाही.

“तुमी मना वलखता तरी का?” तिने विचारलं.

मी नवीन पत्रिका छापून देते, सगळ्या, असं काहीतरी बडबडले. ती म्हणाली, वाटून झाल्या, आता परत काढल्या तर गावभर बोभाटा होईल, लग्नच मोडेल. मग ती एकदम माझ्या पायांकडे बघायला लागली. माझ्या पायांत त्या मोठ्या, झिजलेल्या रबरी चपला होत्या. मी त्या कुणाच्या ते सांगितलं आणि काल कुठे होते तेही सांगितलं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. “कसं हाईत?”

“बरे आहेत. केस पांढरे झालेत. पोपटी छान लावतात.”

“जाम छान लावतात,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. बाहेरून दिराची हाक आली तशी तिने डोळे पुसले आणि भराभरा बोलली, “येक काम करा. येकच कारड छापा. त्यांचेसाठी. त्यात त्यांना श्री. करा न् मना सौ. करा. येकच. नेऊन द्याल?”

रियाझभाईंनी दुपारी स्वतः बसून ते एक कार्ड छापलं. टायपिंगच्या मुलीला घरी पाठवलं. मजकूर त्यांनी माझ्यापुढे तपासायला धरला, मी म्हटलं तुम्हीच तपासा. सोनेरी शाईचं यंत्र एका प्रतीसाठी लावता येत नाही, म्हणून साधी पिवळी शाई वापरली. मी ते कार्ड रात्रभर उशाशी ठेवलं.

मिठागर, रविवार

जनार्दन बांधावरच भेटला. त्याच्या चपला मी परत दिल्या आणि पत्रिका हातात ठेवली. त्याने आधी हात पंचाला पुसले. मग बसून, बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचायला लागला. गणपती, कुलदैवत, मुलीचं नाव, मग स्वतःचं. ‘श्री.’वर बोट थांबलं. पुढे ‘सौ.’वर आलं आणि तिथे बराच वेळ राहिलं.

मी उभी होते. तो ओरडेल, रडेल, आनंदेल, कशालाही मी तयार होते. त्याने पत्रिका उन्हात तिरपी धरली, शाईवर अंगठा घासला.

“ह्यो दुकानात छापला ना? येकच?” तो म्हणाला. “गावकी मना श्री. लावू देनार नाय, बाय. मी त्याच गावचा हाय.”

 मला वाटलं आता हा विचारेल की खऱ्या पत्रिकेवर काय आहे, आणि मला ते तोंडाने उच्चारावं लागेल.

त्याने ते विचारलं नाही. दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

“माजा जाऊं दे,” तो म्हणाला. “हिचे नावाफुडं तरी सगल्या कारडांवं सौ.च हाय ना?”

मी हो म्हणाले.